शस्त्र कुणाचे, किल्ली कुणाकडे

पॉम्पेईच्या नाट्यगृहामागे एक चौकोनी आवार आहे आणि त्याच्या चारही बाजूंना लहान लहान खोल्यांच्या ओळी आहेत. १७६६-६७ साली तिथली राख उपसताना कांस्याची शिरस्त्राणे, नडगीवर बांधायची कवचे आणि खांद्यावरचे पत्रे सापडले. यातले बरेचसे सामान आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. त्यातल्या एका शिरस्त्राणावर ट्रॉय नगरीचा पाडाव उठावात कोरलेला आहे. जळती नगरी, पळणारी माणसे, सारे काही बारीक हाताने काढलेले. रोमच्या साध्या शिपायाच्या डोक्यावर अशी कारागिरी कुणी घडवली नसती. वजनातही मोठा फरक आहे. शिपायाचे शिरस्त्राण सुमारे दोन किलोंचे, तर ही चार किलोंच्या आसपास आणि काही त्याहूनही जड.

इतके मोलाचे शिरस्त्राण ज्याच्या डोक्यावर चढायचे, तो बहुधा गुलाम, युद्धकैदी किंवा शिक्षा झालेला गुन्हेगार असे. काही जण कर्जापायी किंवा नावापायी आपण होऊन या धंद्यात शिरत. पण त्यांनाही आधी शपथ घ्यावी लागे: मला जाळा, बांधा, फटके मारा, तलवारीने मारा, माझी तक्रार नाही. म्हणजे रोमच्या साऱ्या साम्राज्यातले सर्वांत देखणे शस्त्रसाहित्य सर्वांत कमी स्वतंत्र माणसांच्या अंगावर होते. भीमा आणि नीरा यांच्यामधल्या आपल्या मुलखाची शस्त्रे पाहतानाही ही विसंगती मनात ठेवण्यासारखी आहे. जुनी तलवार दिसली की आपण लगेच तिच्या धारेबद्दल बोलू लागतो. ती कुणाच्या मालकीची होती, तिच्या बळावर कोण पोसला जात होता आणि ती चालताना कोण बघत बसले होते, हे विचारायचे राहून जाते.

रोममध्ये अशा द्वंद्वाची पहिली नोंद इ.स.पू. २६४ ची आहे. एका सरदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलांनी गुरांच्या बाजारात तीन जोड्या लढवल्या. अंत्यविधीचा भाग म्हणून सुरू झालेली ही गोष्ट दोन-तीनशे वर्षांत राज्यकारभाराचा भाग झाली आणि लढवय्यांचे ठराविक साचे तयार झाले. मुर्मिलोकडे गुडघ्यापासून हनुवटीपर्यंत झाकणारी मोठी वाकदार ढाल, आखूड सरळ तलवार आणि फक्त डाव्या नडगीवर कवच. थ्रेक्सची ढाल लहान, त्यामुळे त्याची दोन्ही नडगी-कवचे मांडीपर्यंत उंच, आणि हातात बाकदार पात्याची तलवार, समोरच्याच्या ढालीमागे वळून घाव घालणारी. होप्लोमाकस भाला आणि छोटी गोल ढाल घेऊन उतरे. रेटिआरिअस हा जाळेवाला. त्याच्याकडे जाळे, त्रिशूळ आणि खंजीर, शिरस्त्राण नाहीच, फक्त डाव्या खांद्यावर उभा पत्रा. त्याच्याशी लढायला सेक्यूटर ठरलेला. जाळे अडकू नये म्हणून सेक्यूटरचे शिरस्त्राण गुळगुळीत, बिनतुऱ्याचे, डोळ्यांपुरती दोन भोके ठेवलेले. त्यातून धड दिसतही नसे आणि दमही लवकर लागे. जाळेवाला मोकळ्या अंगाने पळत राही, सेक्यूटरला मात्र दमायच्या आत त्याला गाठावे लागे.

या साऱ्या साजात एक गोष्ट समान होती. छातीवर पत्रा असलेला प्रोव्होकेटर सोडला तर बहुतेकांची छाती आणि पोट उघडे. हात, डोके आणि पाय झाकलेले, कारण तिथल्या फुटकळ जखमांनी खेळ अर्ध्यावर थांबला असता. धड मात्र उघडे, कारण लोक आले होते ते त्यासाठीच. प्रत्येकाला एक बळ दिलेले आणि एक उणीव दिलेली, आणि एकाची उणीव दुसऱ्याच्या बळासमोर मुद्दाम आणून ठेवलेली. रणांगणावरचा शिपाई स्वतःला जितके झाकता येईल तितके झाकतो. इथे किती झाकायचे हे तिसराच कुणीतरी ठरवत होता. मग प्रेक्षकांचेही तट पडले, लहान ढालवाल्यांचे एक आणि मोठ्या ढालवाल्यांचे दुसरे. सम्राट डोमिशियन मोठ्या ढालवाल्यांच्या बाजूचा. लहान ढालवाल्यांच्या एका चाहत्याने खेळ भरवणाऱ्याला, म्हणजे सम्राटालाच, टोमणा मारला, तेव्हा त्याला प्रेक्षकांतून ओढून कुत्र्यांपुढे टाकले, असे सुएटोनिअस लिहितो.

मालकीचा हिशेब तर कायद्याच्या पुस्तकातच मिळतो. दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायस एक उदाहरण घेतो. मी तुला लढवय्ये दिले. जो धडधाकट परत येईल त्याच्या घामाचे २० दिनार, जो मरेल किंवा लुळा होईल त्याचे १,००० दिनार. हे भाडे की विक्री? परत आला तर भाडे, मेला तर विक्री, असा गायसचा निवाडा. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी हा सरावाचा प्रश्न होता, आजच्या परीक्षेत येतो तसाच.

अशा माणसाच्या हातात धारदार पाते फक्त आखाड्यात द्यायचे. सराव लाकडी तलवारीने, आणि खरी शस्त्रे कुलपात. इ.स.पू. ७३ मध्ये कापुआच्या तालमीतून स्पार्टाकस आणि सत्तरेक सोबती निसटले, तेव्हा त्यांच्या हाती होत्या मुदपाकखान्यातल्या सुऱ्या आणि मांस भाजायच्या सळया. पुढे वाटेत लढवय्यांची शस्त्रे वाहून नेणाऱ्या गाड्या त्यांना सापडल्या, मग ते सशस्त्र झाले. ज्या शस्त्रांत त्यांचे आयुष्य गेले, तीच त्यांना लुटून घ्यावी लागली.

हे सगळे फार दूरचे वाटत असेल तर एक गोष्ट सांगतो. त्याच पॉम्पेईत १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती आपल्या मराठवाड्यात तेरला सापडली आहे. पैठण आणि तेरचा माल भडोचला उतरतो आणि तिथून पश्चिमेला जातो, हे पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात लिहिलेलेच आहे. तेव्हा ते ट्रॉयवाले शिरस्त्राण आणि दख्खनचा माल एकाच गावच्या राखेखाली गाडला गेला, एवढे तरी धरायला हरकत नाही.

आता इंदापूर. मालोजीराजे भोसले इथे लढताना पडले. सालाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, पण सतराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात हे झाले. निजामशाहीचा सरदार, विजापूरकरांशी झुंज, आणि मागे पुणे-सुपे परगण्यांची जहागीर, जी पुढे शहाजीराजांकडे आणि शिवाजी महाराजांकडे आली. मालोजींच्या अंगावर त्या दिवशी काय होते, हे कुणी लिहून ठेवलेले नाही. दख्खनच्या त्या काळच्या सरदाराकडे काय काय असे, ते मात्र माहीत आहे. साखळ्यांचे चिलखत, कोपरापर्यंतचा दस्ताना, मानेवर जाळी सोडलेला टोप, चामड्याची किंवा धातूची ढाल. ढालीवरची चार फुले शोभेसाठी बसवलेली वाटतात, पण आतल्या मुठीच्या कड्या ज्या खिळ्यांवर धरलेल्या असतात, ते खिळे त्या फुलांखाली झाकलेले असतात. तलवारीचे पाते पुष्कळदा परदेशी, बंदरातून आलेले. त्याला मूठ मात्र इथली. म्हणून तर ती फिरंग.

हा सरदाराचा साज झाला. त्याच्यामागच्या शंभर घोडेस्वारांचा साज निराळा. त्यांतल्या बहुतेकांकडे लोखंडी चिलखत नसे. कापूस भरून शिवलेला जाड अंगरखा, पागोट्याचे घट्ट वेढे, बांबूच्या दांड्याचा भाला, कमरेला तलवार. बस्स. ही गरिबी होती, आणि तीच पुढे रणनीती झाली. औरंगजेबाने १६९५ ते १६९९ या काळात इंदापूरच्या खाली भीमेकाठीच, माचणूरजवळच्या ब्रह्मपुरीला, छावणी टाकली होती. तिथल्या मनसबदारांकडे चिलखते होती, घोड्यांवरही पाखर होती, आणि त्यांच्यामागे तंबूंचे, बैलांचे, बाजाराचे लटांबर होते. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांचे घोडेस्वार ज्वारीच्या रानातून येऊन रसद मारून निघून जात. जे अंगावर नाही ते वाहावे लागत नाही, एवढे साधे गणित.

या स्वारांत दोन प्रकार होते आणि ते शस्त्रावरून ठरत नव्हते. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. राजाराम महाराजांच्या काळात, १६९७ साली जिंजीला बसून सभासदाने पागेची रचना लिहिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांची एक हजारी. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. शिलेदारांनाही पागेच्या ताब्यात ठेवले, म्हणजे बंडाला जागा उरत नाही, हेही तो सांगून टाकतो. शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवस्थेवर भारंभार लिहिले जाते, पण पंचवीस घोड्यांमागचा तो एक नालबंद मला फार बोलका वाटतो. तलवार कितीही पाणीदार असली तरी घोड्याचा नाल निखळला की स्वार पायउतार झाला.

सुप्याचा प्रसंग याच पोटातला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तिथे महाराजांचे सावत्र मामा संभाजी मोहिते कारभार पाहत होते. शिमग्याचे पोस्त मागायच्या निमित्ताने महाराज गेले, मामांना कैद केले आणि ठाणे घेतले. सुप्यातून हाती लागले ते तीनशे घोडे. नव्या राज्याला तलवारींपेक्षा त्या तीनशे घोड्यांची गरज जास्त होती. ते घोडे चरत होते भीमेच्या खोऱ्यातल्या माळावर, कुसळीच्या गवतावर. ठेंगणे, काटक, थोड्या चाऱ्यावर भागवणारे आणि दिवसभर चालणारे भीमथडीचे तट्टू हेच या मुलखाचे पहिल्या नंबरचे शस्त्र होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. इंग्रजी अमलात बारामतीच्या तालुक्याचे नावसुद्धा भीमथडी होते.

पट्ट्याबद्दल दोन शब्द बोलायला हवेत, कारण आज सगळा मान त्याला आहे. पट्ट्याचे पाते लांब, दोन्ही बाजूंनी धार असलेले, लवचिक. मूठ लोखंडी हातमोज्याच्या आत आडवी, त्यामुळे मनगट जागच्या जागी अडकते आणि हात कोपरातून, खांद्यातून, खरे तर कमरेतून फिरवावा लागतो. सरळ भोसकायला हे हत्यार फारसे कामाचे नाही. पण एकट्या माणसाला चारही बाजूंची माणसे लांब ठेवायची असतील, अरुंद वाट अडवून धरायची असेल, तर त्याला तोड नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ मध्ये सय्यद बंडाचा हात छाटणारा जिवा महाला आणि १६६० मध्ये घोडखिंड रोखणारे बाजीप्रभू, दोघांच्या हाती परंपरा पट्टा देते ती उगीच नाही. दोन्ही ठिकाणी काम तेच: कुणाला तरी पुढे जाऊ द्यायचे आणि कुणाला तरी थोपवायचे. जाळेवाल्याच्या त्रिशुळाचा आकार जोडीतल्या सेक्यूटरला जोखून ठरवलेला होता. पट्ट्याचा आकार खिंडीतून घडला.

अठराव्या शतकात हिशेब पैशाकडे सरकला. बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. नाईक पेशव्यांचे सावकार आणि सोयरेही. बाळाजी विश्वनाथांची मुलगी भिऊबाई बाबूजींच्या भावाला, आबाजी नाईकांना दिलेली. फौजा चालायच्या त्या कर्जावर, आणि थोरले बाजीराव या कर्जाने गांजलेले होते. १७४० मध्ये बाजीराव गेल्यावर रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्याने बाबूजींनी थेट पेशवेपदाचीच खटपट केली. ती फसली. पण सावकाराने पेशव्याची जागा मागावी, यातच काळ कुठे आला होता ते कळते. याच नाईकांच्या आश्रयाला पन्हाळ्याहून आलेले मोरोपंत राहिले आणि बारामतीत बसून त्यांनी सगळे महाभारत आर्येत आणले. भाले, गदा, बाणांचे पाऊस, रथांची चाके: कुरुक्षेत्राची सारी शस्त्रे ज्या गावात मराठीत उतरली, त्या गावातून खऱ्या फौजांना व्याजाने पैसे जात होते. कवीला याचे काही वाटले असेल का, कोण जाणे. आश्रयदात्याच्या हिशेबाच्या वह्यांवर आर्या लिहायची चाल नव्हती.

ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फतेसिंग मान्याने बारामतीजवळ पेशव्यांच्या फौजेला हरवले. लगेच २५ तारखेला हडपसरला मोठी लढाई झाली, आणि दुसरा बाजीराव पळत पळत वसईच्या तहापर्यंत पोहोचला. हडपसरला दोन्ही बाजूंना कवायती पलटणी होत्या, तोफा होत्या, गोरे अधिकारी होते. शिलेदाराचा भाला तेव्हा कडेला उभा होता.

आपल्याकडे रोमसारखा आखाडा नव्हता, असे म्हणून कॉलर ताठ करायची सोय मात्र नाही. बडोद्याला खंडेराव गायकवाडांच्या दरबारात नखीची कुस्ती चाले. लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने १८६० च्या दशकात तिचे वर्णन केले आणि ते १८७५ मध्ये छापून आले. जवळजवळ उघडे पैलवान, भांग-अफूने चढवलेले, मुठीला शिंगाची टोके बांधलेली. पूर्वी ही टोके पोलादी असत, असेही तो सांगतो. कपाळ, छाती, बरगड्या फाटेपर्यंत झुंज, आणि वर बसलेला राजा जिंकणाऱ्याला बक्षिसे देणारा. हा राजा मराठी बोलणारा, ही मूठही आपलीच. हातात दडवायचे शस्त्र प्रतापगडावर एका माणसाने जीव वाचवायला वापरले अशी कथा आपण सांगतो, आणि त्याच्याच चुलतभावासारखे शस्त्र दोनशे वर्षांनी बडोद्यात करमणुकीसाठी बांधले गेले. फरक नखांत नव्हता. प्रतापगडावर बघायला कुणी बसले नव्हते.

१८७५ मध्येच, १२ मेच्या दिवशी, सुप्याच्या बाजारात आणखी एक झुंज झाली. आसपासच्या गावांतले कुणबी जमले आणि सावकारांच्या घरा-दुकानांवर गेले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव कोसळला होता. इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास बसवलेल्या तीस वर्षांच्या सारापद्धतीची मुदत संपून सारा वाढला होता. कर्ज डोक्यावर होतेच. लोकांनी मागितले ते कर्जरोखे, आणि मिळाले ते जाळले. दंगल पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने नोंदवले, की जवळपास सगळीकडे हेतू रोखे मिळवून नष्ट करण्याचा होता आणि सावकारांच्या जिवावर फारसे कुणी उठले नाही. ज्या गावातून सव्वादोनशे वर्षांपूर्वी तीनशे घोडे राज्याच्या पागेत गेले, त्या गावच्या माणसांच्या हाती आता आगकाडी होती. शिलेदाराचा नातू शेतकरी झाला होता आणि त्याचे हत्यार कधीच गहाण पडले होते किंवा नांगराच्या फाळात गेले होते. तीन वर्षांनी, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या शस्त्रकायद्याने उरलेसुरले परवान्याच्या कुलपात गेले. किल्ली आता मुंबई सरकारकडे.

शस्त्र गेले तेव्हा बघण्याची हौस कुठे गेली? ती तीन वाटांनी गेली असे मला दिसते आणि तिन्ही वाटा या भागातून जातात.

एक जेजुरीची. कऱ्हा जेजुरीवरूनच बारामतीला येते. गडावर दसऱ्याला मर्दानी दसरा भरतो. सरदार पानशांनी वाहिलेला सुमारे ४२ किलोंचा खंडा तरुण एका हातात तोलून धरतात, दातांत धरून कसरती करतात. पानसे पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार. तोफांच्या माणसाने देवाला अशी तलवार वाहिली, जिने कुणालाच मारता येणार नाही. हा विनोद नसेलही, पण मला तो तसा वाटतो. दुसरी वाट आषाढीची. तुकोबांची पालखी बारामती करून इंदापूर तालुक्यात येते आणि सणसरहून पुढे निघते, तेव्हा बेलवाडीला पहिले गोल रिंगण होते. हजारो माणसे वर्तुळ करून उभी राहतात आणि मधल्या मोकळ्या जागेत अश्व दौडतो. टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. वर्तुळ, प्रेक्षक, घोडा, सगळे आहे. फक्त मारायला कुणी नाही.

तिसरी वाट लाल मातीची. शाहू महाराज १९०२ मध्ये एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकासाठी युरोपला गेले, तेव्हा रोमचा आखाडा पाहून त्यांना कोल्हापूरच्या खासबागेची कल्पना सुचली असे सांगतात. १९१२ मध्ये ते मैदान उभे राहिले. रोमच्या दगडी पायऱ्यांची कल्पना उचलून त्यांनी मध्ये हत्यार ठेवले नाही, मातीचा हौद ठेवला. बारामती-इंदापूरच्या जत्रांतली निकाली कुस्तीही त्याच वळणाची. पाठ लागली की संपले. हरलेला पैलवान अंग झटकून उठतो आणि पुढच्या गावच्या जत्रेची चौकशी करतो. तरीही एक प्रश्न इथेही उरतोच. पैलवानाच्या खुराकाचा खर्च कोण उचलतो, आणि गुडघा गेल्यावर त्याच्याकडे कोण बघतो? गायसच्या उदाहरणात निदान लुळ्या पडलेल्या माणसाची किंमत लिहिलेली होती.

गेल्या काही वर्षांत शस्त्रांना पुन्हा उत्सवाचे दिवस आले आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये, शिवजयंतीला, दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्र झाला. त्याच वर्षी जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्यात आली. साताऱ्याचा पहिला रेसिडेंट ग्रँट डफ याच्या घराण्याकडून ती संग्रहालयाला मिळालेली. ती शिवाजी महाराजांनीच वापरली याचा पुरावा नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. लोकांनी रांगा लावून पाहिली, हे चांगलेच झाले. मर्दानी खेळाच्या पथकांत मुलीही पट्टा फिरवतात, लिंबू छाटतात, हेही चांगले. तक्रार उत्सवाबद्दल नाही. तक्रार अशी, की मिरवणुकीतला मावळा दिवसेंदिवस पॉम्पेईच्या त्या शिरस्त्राणासारखा होत चालला आहे. सोनेरी चिलखत, मोरपंखी टोप, छातीवर नक्षी. जो शिपाई कापसाच्या अंगरख्यात लढला त्याला आपण मरणोत्तर लोखंड चढवतो, तेही दिसायला बरे म्हणून. मग त्याचा घोडा, त्याचा नालबंद, त्याची थकलेली वतनपट्टी आणि सावकाराचे व्याज या साऱ्याला चित्रात जागाच राहत नाही.

इंदापुरात, बारामतीत, सुप्यात खंडेनवमीला अजून घराघरांत पाटावर जुनी हत्यारे मांडली जातात. कुठे गंजलेली फिरंग, कुठे भाल्याचे नुसते फाळ, कुठे ढालीची दोन फुले. ही हत्यारे मोजायला, त्यांची लांबी-वजन लिहायला, मूठ कुठली आणि पाते कुठले हे पाहायला फार मोठे अनुदान लागत नाही. इतिहासाचा एक प्राध्यापक, दोन विद्यार्थी आणि तालुक्यातल्या महाविद्यालयाची परवानगी पुरे. जिथे मालोजीराजे पडले त्या गावी संग्रहालय उभे राहिले, तर एका काचेत पट्टा, दुसऱ्या काचेत १८७५ चा वाचलेला एखादा कर्जरोखा आणि मधोमध पखालजीची पखाल ठेवावी. नक्कल चालेल. सोनेरी पुतळ्यांचे पैसेही त्यातून वाचतील.

आणि घोडा. भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडे नोंद केली. त्यासाठी बारामतीतून बराच पाठपुरावा झाला. आज हा घोडा मुख्यतः धनगरांच्या वाड्यांवर टिकून आहे. पाठीवर बि‍ऱ्हाड, कोंबड्या, कोकरे आणि लहान मुले घेऊन तो पावसाळा संपला की घाट उतरतो. त्याला लागतो माळ, आणि माळ पडीक म्हणून कागदोपत्री कुणाच्याही नावावर चढतो. इंदापुरात कडबनवाडीला आणि बारामतीत शिर्सुफळला वनखात्याने लांडगे आणि चिंकारे दाखवायला गवताळ रानाची सफर सुरू केली आहे. त्या फलकावर चिंकाऱ्याशेजारी भीमथडी तट्टूचेही चित्र काढावे, आणि सफरीचे नियम करताना मेंढ्यांच्या जुन्या वाटा नकाशावर आहेत की नाहीत, ते जिल्हा प्रशासनाने एकदा तपासावे.